काडतूस घरी भरायचं नाही भो, छर्रा निवडायला शिका: खान्देशात एअर रायफल सुरू करणाऱ्यांसाठी

वरणगावला काडतुसांची फॅक्टरी, भुसावळला दुसरी ऑर्डनन्स फॅक्टरी, त्यामुळे आपल्या जळगाव जिल्ह्यात कोणाचा ना कोणाचा मामा नाहीतर मेव्हणा तिथे कामाला असतोच, आणि मग मोबाईलवर अमेरिकेतले लोक गॅरेजमध्ये बसून रायफलची काडतुसं परत भरताना दिसले की पोरं येऊन विचारतात, काका आपण पण करू ना हे, मशीन कोणतं घेऊ. मागच्या दिवाळीपासून तीन पोरांनी विचारलं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी ते लोक काय करतात ते समजून घ्या. काडतुसाचे चार भाग असतात, पितळी केस, मागची टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू आणि पुढची गोळी. फायर झाल्यावर टोपी, दारू, गोळी संपते पण पितळी केस शाबूत राहते, तीच साफ करून, साच्यात दाबून परत मापात आणून, नवी टोपी बसवून, दारू तोलून टाकून वर नवी गोळी दाबतात. पैसे वाचतात हे एक कारण, पण खरं कारण वेगळं आहे. रायफलच्या प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा असतो, तिला जे वजन आणि जी गोळी मानवते तेच प्रत्येक वेळी जसंच्या तसं मिळावं म्हणून हा खटाटोप. सगळा खेळ एकसारखेपणाचा आहे.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे आर्म्स ॲक्ट १९५९ आहे, त्याच्या कलम ५ प्रमाणे लायसन्स नसताना काडतूस बनवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. अजून एक, या कायद्यात 'ॲम्युनिशन' या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाचे भाग आणि ते बनवायचं मशीन पण धरलेलं आहे, म्हणजे नुसतं मशीन मागवून कपाटात ठेवलं तरी तुम्ही अडचणीत. त्यामुळे हा विषय इथेच सोडा, कोणी गावठी माणूस "मी भरून देतो" म्हणाला तर त्याच्या वाऱ्याला पण उभं राहू नका. दारूचं वजन थोडं चुकलं तर नळी फाटते आणि गाल त्या नळीपासून चार बोटांवर असतो.

पण ज्या पोराला हा एकसारखेपणाचा नाद खरंच लागलाय त्याच्यासाठी रस्ता आहे, आणि तो दहा मीटर एअर रायफलचा. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये गोल्ड याच प्रकारात मारलं, गगन नारंगचं २०१२ लंडनचं ब्राँझ यातलंच, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला तो पण यातच. दारू नाही, टोपी नाही, नुसती दाबलेली हवा आणि शिशाचा छर्रा. कायद्याचं पण सोपं आहे, ४.५ मिमी पर्यंतची नळी आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर लायसन्स लागत नाही, दुकानदाराला ओळखपत्र दाखवायचं आणि बिल जपून ठेवायचं. मॅचची रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते म्हणजे ती आरामात बसते. जास्त ताकदीच्या मागे लागू नका, दहा मीटरवर तिचा काही उपयोग नाही.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो कारण नंतर विसरेल. एअर गन हातात आली की केळीच्या बागेतल्या पाखरांवर, खारीवर नेम धरायचा मोह होतो. धरायचा नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, आणि यावल, रावेर, चोपड्याच्या वरच्या अंगाला सातपुड्यात तर फॉरेस्टवाले बघतातच. पण कायदा बाजूला ठेवा, जिवावर नेम धरणाऱ्या पोराला मी शिकवत नाही.

आधी जागा बघा, रायफल नंतर. लोक उलटं करतात, पन्नास हजाराची रायफल आणतात आणि मारायला जागा नाही. तुम्हाला उभं राहायच्या रेषेपासून कार्डापर्यंत, म्हणजे नेम धरायच्या कागदी टार्गेटपर्यंत, बरोबर १० मीटर पाहिजे, मागे-पुढे धरून ३८-४० फूट लांब जागा. आपल्याकडे जुनी घरं लांबच लांब असतात, ओसरी ते मागचं दार असं सरळ मिळून जातं, कोणाकडे कापसाचं गोडाऊन उन्हाळ्यात रिकामं असतं, सावदा फैजपूरकडे केळीचे पॅकिंग शेड असतात. मी स्वतः आठ वर्षं काकांच्या कापसाच्या गोडाऊनमध्ये केलं. मध्ये कोणतंही दार उघडणारं नको, हे सगळ्यात महत्त्वाचं, बाजूचं दार असेल तर आतून कडी लावायची, नाहीतर कोणीतरी चहा घेऊन मध्येच येतं. कार्डाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. उजेड कार्डावर भरपूर पाहिजे, स्पर्धेत किमान १५०० लक्स (हे उजेडाचं माप) लागतो, घरी एक चांगला एलईडी फ्लड लाईट कार्डाच्या पुढे खाली लावला की काम होतं, फक्त तो डोळ्यात यायला नको.

कार्डाच्या मागे काय ठेवायचं यावर नीट लक्ष द्या. सपाट लोखंडी पत्रा सरळ उभा लावायचा नाही, छर्रा उलटून येतो. जाड फळ्यांची पेटी करा, आत जुने कपडे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठासून भरा आणि सगळ्यात मागे पत्रा तिरपा लावा म्हणजे छर्रा खाली पडेल. दर पंधरा दिवसांनी मधला गठ्ठा बदलायचा कारण एकाच जागी मारून मारून तिथे भोक पडतं. डोळ्याला चष्मा पाहिजेच.

आता रायफल. तीन प्रकार समजून घ्या. पहिली स्प्रिंगवाली, नळी मोडून लोड करायची, यात्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवर असते ती. सारंगखेड्याच्या यात्रेत प्रत्येकाने एकदा तरी हातात घेतलेली असते. स्वस्त, हवेचं टेन्शन नाही, पण आत पिस्टन जोरात पुढे धावतो त्यामुळे छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच रायफल मागे-पुढे हिसका देते, म्हणून ती घट्ट आवळून धरली की नेम बिघडतो, तळहातावर नुसती ठेवल्यासारखी धरावी लागते. दुसरी एका झटक्याची पंपवाली, बाजूचा दांडा ओढून प्रत्येक शॉटला हवा भरायची, हिसका नाही, जुन्या मॅच रायफली अशा मिळतात आणि चांगल्या असतात, पण बारीक पोराचा हात चाळीस शॉटनंतर दमतो. तिसरी पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये २०० बार दाबापर्यंत हवा आधीच भरलेली, रेग्युलेटर प्रत्येक शॉटला मोजून तेवढीच हवा सोडतो. स्पर्धेत आज सगळे हीच वापरतात.

फाईनवेर्कबाऊ, वॉल्थर, आन्शुट्झ, स्टायर ही नावं तुम्ही ऐकाल, जर्मनी ऑस्ट्रियाच्या कंपन्या, रायफली अप्रतिम आणि किंमत लाखांमध्ये. आपल्याकडे जुन्या लोकांकडे आयएचपीची म्हणजे इंडियन ह्यूम पाईपची एअर रायफल असायची, आता प्रिसिहोल आहे. माझं स्पष्ट मत, पहिल्या वर्षी इम्पोर्टेड घ्यायची नाही. पोरगं सहा महिन्यांत सोडून देतं आणि बापाचे कर्जाचे हप्ते चालू राहतात, हे मी दोन घरांत डोळ्यांनी पाहिलं. आधी जवळच्या क्लबमध्ये त्यांच्या रायफलवर तीन महिने मारा, क्लब लांब असेल तर भारतीय बनावटीची साधी घ्या, आणि कॉलेजात असाल तर एनसीसीत जा, तिथे .२२ रायफलच्या फायरिंगमध्ये शिस्त अशी लागते की पुढे आयुष्यभर कामाला येते.

सेकंडहॅंड पीसीपी घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख बघायची. दहा वर्षांच्या वरचं सिलिंडर असेल तर ते बदलायचा खर्च धरूनच भाव करा. मला एका विक्रेत्याने जुनी रायफल "एकदम कंडिशन" म्हणून दिली, तारीख मी बघितलीच नाही, घरी आल्यावर कळलं सिलिंडर केव्हाचं बाद. पैसे परत मिळाले नाहीत. अजून एक, भरलेलं सिलिंडर मे महिन्यात बंद गाडीत ठेवायचं नाही. जळगाव भुसावळला ४५ च्या वर पारा जातो, गाडीच्या आत तर किती होत असेल विचार करा, आणि गरम झाली की हवेचा दाब वाढतो. हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात हवेतला ओलावा आत जातो, थांबून थांबून भरा आणि पंपाचं ड्रेन सोडा म्हणजे साचलेलं पाणी निघून जाईल.

साईट म्हणजे नेम धरायचं साधन, ती दोन प्रकारची. आपल्याकडे ओपन साईट आणि पीप साईट म्हणतात. ओपन म्हणजे मागे खाच पुढे टोक, पीप म्हणजे मागे बारीक भोक आणि पुढे नळीच्या टोकावर गोल रिंग, त्या रिंगच्या मधोमध कार्डावरचा काळा गोळा बसवायचा. शालेय वयात ओपनपासून सुरू करायला हरकत नाही, पण रायफल घेताना वर पीप साईट बसेल अशी पट्टी आहे का ते बघून घ्या. पुढची रिंग नवीन माणसाने मोठीच ठेवायची. लहान रिंगमध्ये काळा गोळा घट्ट दिसतो, बरा वाटतो, पण जरासा हलला की माणूस घाबरतो आणि ट्रिगर दाबतच नाही, उभाच राहतो.

आता छर्रा. माझं मन खरं इथे रमतं, आणि ज्यांना काडतुसं भरायची हौस होती त्यांनी हा भाग दोनदा वाचा, कारण तुम्हाला जे करायचं होतं ते सगळं इथे आहे.

छर्रे फक्त सपाट डोक्याचे मॅच छर्रे घ्यायचे. टोकदार, गोल डोक्याचे असतात ते कार्ड फाडतात, सपाट डोकं कागदात गोल स्वच्छ भोक पाडतं आणि मार्क मोजताना भांडण होत नाही. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा असतो, पिस्तुलासाठी हलका, ०.४५ चा. एच अँड एन, आरडब्ल्यूएस, जेएसबी यांचे डबे मिळतात, ५०० चा डबा. डब्याच्या स्टिकरवर डोक्याचा व्यास दिलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असा, आणि बॅच नंबर. एक शतांश मिलिमीटरचा फरक, तुम्ही म्हणाल याने काय होतं, पण नळीला तो कळतो. एका नळीत ४.४९ चांगला जातो, त्याच कंपनीच्या दुसऱ्या नळीत ४.५०, आणि हे आधी कोणी सांगू शकत नाही, मारूनच बघावं लागतं.

पण थांबा, आधी हिशोब. कार्डावर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा, टाचणीच्या टोकाएवढा. छर्रा ४.५ मिमीचा. छर्र्याच्या भोकाची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा, म्हणजे छर्र्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिमीच्या आत पाहिजे. मग सगळे दहा लागण्यासाठी तुमच्या भोकांचा गुच्छा बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साडेनऊ मिमीच्या आत बसला पाहिजे. आणि त्याच्या पुढे दशांशाचा खेळ, मध्यापासून दर पाव मिमी सरकलं की ०.१ मार्क जातो, म्हणून १०.९ हा सगळ्यात मोठा आणि ६० शॉटचे जास्तीत जास्त ६५४.

याचा अर्थ काय, तुम्ही आठ आणि सात मारत असाल तर तुमची चूक पाच ते दहा मिमीची आहे, ती छर्र्याची नाही भो, ती तुमच्या पायाची आणि बोटाची आहे. तेव्हा बॅच टेस्टिंगवर, म्हणजे वेगवेगळे डबे मारून नळीला कोणता मानवतो ते बघण्यावर, पैसे घालू नका. एकाच प्रकारचे दोन डबे घ्या आणि मारत राहा. दहा शॉटमध्ये ९५ च्या वर नेहमी यायला लागले की मग टेस्टिंगला बसा.

टेस्टिंग कसं करायचं. मोठ्या रेंजवर रायफल क्लॅम्पमध्ये आवळून करतात. घरी ज्वारी भरलेल्या दोन पिशव्या टेबलावर ठेवा, एकीवर पुढचा दांडा, एकीवर दस्ता, खुर्चीवर बसून मारा. स्प्रिंगवालीला हे जमणार नाही, ती पिशवीवर पण उसळते, तिला हातावरच तोलून बघावं लागतं. छर्र्याचा प्रकार बदलला की आधीचे दहा शॉट मोजायचे नाहीत, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्या. मग दहा शॉट एकाच काळ्यावर, असे तीन कार्ड. व्हर्निअरने बाहेरच्या कडा मोजा, त्यातून ४.५ वजा केले की मध्यापासून मध्यापर्यंतचा गुच्छा मिळतो. कार्डाच्या मागे पेनने तारीख, आकार, बॅच, किती बार हवा होती ते लिहा. माझ्या पहिल्या पीसीपीत ४.४९ चे कार्ड नऊ साडेनऊला येत होते आणि ४.५० चे सहा साडेसहाला, तीच रायफल, तीच पिशवी, तोच माणूस. त्या दिवशी मी गोडाऊनमध्ये एकटाच हसत बसलो होतो.

वजन करायचं का? जळगावला सराफ बाजार आहे, मिलिग्रॅम दाखवणारा काटा सहज मिळतो, आणि मी तीन डबे बसून तोललेत, दोन-चार मिलिग्रॅमचे वेगळे ढीग केले. खरं सांगतो, चांगल्या मॅच डब्यात दहा मीटरवर त्याचा फरक मला कार्डावर दिसला नाही. जो फरक दिसला तो मागच्या घेराचा. छर्र्याचा मागचा भाग पातळ असतो, त्याला स्कर्ट म्हणतात, हवा त्याला फुगवून नळीला घट्ट बसवते, तो चेपलेला असला की छर्रा भरकटतोच. म्हणून लोड करताना प्रत्येक छर्रा बोटात फिरवून बघायचा, चेपलेला दिसला की बाजूच्या वाटीत. डबा खाली पडला तर तो डबा सरावाला काढायचा, स्पर्धेला न्यायचा नाही. पावसाळ्यात शिशावर पांढरी पावडर धरते, डबा घट्ट बंद आणि कोरड्या जागी. आणि शिसं विष आहे, मारून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, लहान पोरांच्या हाताला डबा लागू द्यायचा नाही.

सरावाबद्दल. उभं राहताना पाय खांद्याएवढे फाकलेले, अंग कार्डाला आडवं, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकलेला, रायफलचं वजन हाडांवरून जमिनीत गेलं पाहिजे, स्नायूंनी उचलायचं नाही. मग डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रायफल कुठे बघतेय? काळ्याच्या डावीकडे असेल तर हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवा. नवीन पोरं नव्वद टक्के वेळा हाताने ओढतात आणि ट्रिगर दाबल्या क्षणी रायफल आपल्या मूळ जागी परत जाते. हे एवढं सुधारलं की कार्ड बदलतं.

अर्धा सराव छर्र्याशिवाय करा. मॅच पीसीपीत ड्राय फायरची सोय असते, हवा न सोडता ट्रिगर दाबता येतो. स्प्रिंगवालीत रिकामा बार कधीच करायचा नाही, पिस्टन आपटून सील जातं, तिच्यावर नुसता नेम धरायचा आणि खाली ठेवायची. मी रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं पांढऱ्या भिंतीकडे रायफल धरून उभा राहायचो, आजी ओसरीवरून विचारायची, "भिंतकडे काय देखी राह्यना रे भाऊ इतला टाईम?" तिला सांगितलं की भिंतीवर काही नसतं म्हणून फक्त रिंग हलताना दिसते, मग ती पण कधी कधी शांत बसून बघायची. त्या वीस मिनिटांनी मला जितकं दिलं तितकं कोणत्या डब्याने दिलं नाही.

उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत बंद. पत्र्याच्या शेडखाली कॅनव्हासचं जाड जॅकेट घालून दहा वाजता उभं राहिलं की चक्कर येते. जॅकेट पाठीला आधार देतं, वर्षभराने घ्या, त्याआधी नाही, पण सपाट तळाचे बूट पहिल्या दिवसापासून पाहिजेत.

रायफल हातात असो वा टेबलावर, नळी कार्डाकडेच. बोट ट्रिगरच्या बाहेर, लोड सगळ्यात शेवटी. मारत नसाल तेव्हा नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रंगीत दोरा, आरपार घातलेला. रस्त्याने नेताना बॅगेतच, मोटरसायकलवर उघडी घेऊन गावातून फिरायचं नाही, बिलाची झेरॉक्स बॅगेत. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, एकदा बोलावून दाखवा पण.

स्पर्धेची वाट जिल्हा, मग राज्य, मग मावळणकर स्पर्धा, मग नॅशनल. मावळणकर हे नाव का तर १९५१ ला नॅशनल रायफल असोसिएशन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर होते, जे पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. पहिल्या स्पर्धेला जाताना सरावाला वापरला त्याच बॅचचा न उघडलेला डबा न्या, रायफलची साईट प्रवासात हलते म्हणून सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत साईटिंगचे शॉट घाई न करता मारा. आणि डबा संपला की त्याचा स्टिकर काढून वहीत चिकटवा, पुढची ऑर्डर देताना दुकानदाराला तोच व्यास आणि तोच बॅच नंबर मागायचा, नसेल तर आहे त्यातले दोन वेगळे डबे एकेक घेऊन परत ज्वारीच्या पिशवीवर बसायचं.